सुविधा-मागणी, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो अशा मुक्तस्रोत प्रकल्पात, आज नसलेली एखादी सोय यापुढे असावी म्हणून वापरकर्त्याने प्रकल्पाच्या दफ्तरी दाखल केलेल्या अर्जास सुविधा-मागणी असे म्हणतात. दोषाची तक्रार करणारा, सॉफ्टवेअरने जे कबूल केले ते होत नाही, असे गाऱ्हाणे मांडतो. सुविधा मागणारा, जे कबूलच केलेले नाही ते व्हावे, अशी विनंती करतो. व्यवहारात ही सीमारेषा पुसट होते, कारण ज्याला एखादी सोय निकडीने हवी असते त्याला तिचा अभाव हाच दोष वाटतो. त्यामुळे मेंटेनरांचा, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांचा, पुष्कळसा वेळ आलेल्या अर्जांची प्रतवारी लावण्यातच जातो. डेबियन या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाच्या दोषनोंदणी व्यवस्थेत अशा अर्जांना ‘विशलिस्ट’ हा सर्वांत खालचा दर्जा दिला जातो आणि जे काम हाती घेतले जाणार नाही त्यावर ‘वोंटफिक्स’ असा शेरा मारला जातो.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ग्राहकाच्या अपेक्षेला पैशाच्या व्यवहाराचा आधार असतो. मुक्तस्रोताच्या बाबतीत सामान्यतः उभयतांमधला एकमेव दस्तऐवज म्हणजे परवाना होय. आणि १९८९ साली सिद्ध झालेला ग्नू जनरल पब्लिक लायसन्स असो वा त्याहून कितीतरी आटोपशीर असा एमआयटी परवाना असो, सॉफ्टवेअर कोणत्याही हमीविना दिले जात आहे असे स्पष्ट कलम दोहोंत आहे. परवान्याने कोडवर हक्क मिळतो, मेंटेनरच्या वेळेवर मिळत नाही. हेल्सिंकी विद्यापीठात विद्यार्थी असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची वार्ता मिनिक्स या आधीच्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या वापरकर्त्यांना कळवली, तेव्हा लोकांना कोणत्या सोयी हव्या आहेत हे त्यांनी आपण होऊन विचारले, आणि सूचनांचे स्वागत आहे, परंतु त्या अमलात येतीलच असे वचन देत नाही, हेही लागलीच सांगून टाकले. हा सरळपणा पुढील प्रकल्पांना नेहमीच साधला असे नाही. पुष्कळ मेंटेनर भिडेपोटी ‘पुढे पाहू’ म्हणतात आणि घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडते, ज्यामुळे काम तर होत नाहीच, पण अर्जदाराला दुसरी वाट धरण्यासही मोकळीक राहत नाही.

अर्ज लिहिण्यास काही मिनिटे पुरतात, परंतु एकदा मंजूर झालेली सोय पुढील प्रत्येक आवृत्तीत तपासावी, समजावून द्यावी आणि राखावी लागते, मग मूळ अर्जदार प्रकल्पाकडे पुन्हा फिरकला नाही तरीही. याचे अत्यंत बोलके उदाहरण जावा भाषेतील लॉगफोरजे या, प्रणालीत घडणाऱ्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या लायब्ररीचे आहे. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खुणेने नाव लिहिले असता त्या नावाची माहिती जेएनडीआय या यंत्रणेमार्फत शोधून आणावी, अशी मागणी २०१३ मध्ये पॅचसह, म्हणजे कोडमधील तयार फेरफारासह, आली, ती मंजूर झाली आणि दुसऱ्या मालिकेच्या बीटा आवृत्तीत समाविष्टही झाली. ही माहिती आणण्यासाठी परक्या सर्व्हरशीही संपर्क होऊ शकतो, आणि नोंदला जाणारा मजकूर तर कोणीही बाहेरचा मनुष्य पुरवू शकतो, या दोन गोष्टी एकत्र आल्यास काय होईल ते डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळले: नोंदीत जाईल अशा ठिकाणी एक ओळ लिहून दुसऱ्याच्या यंत्रावर हवा तो कोड चालवणे शक्य होते. सुरक्षादोषांची तीव्रता मोजणाऱ्या सीव्हीएसएस या मापनात त्या दोषास १० पैकी १० गुण मिळाले आणि बहुतांशी स्वयंसेवक असलेल्या मेंटेनरांना दिवसरात्र खपून लागोपाठ सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. अर्जदाराचा हेतू निर्मळ होता, पॅच देणे हे तर औदार्यच होते. तरीही आठ वर्षांनंतरचा भार वाहण्याची पाळी देखभाल करणाऱ्यांवरच आली.

म्हणून जाणत्या प्रकल्पांनी निर्णयाची रीत ठरवून घेतली आहे. पायथॉन भाषेत २००० सालापासून महत्त्वाच्या प्रत्येक फेरफारासाठी ‘पेप’ नावाचा प्रस्ताव लिहावा लागतो, त्यात गरज, उपाय आणि नाकारलेले पर्याय यांचा ऊहापोह असतो, आणि नामंजूर झालेले प्रस्तावही दफ्तरी जपले जातात. विशिष्ट लूपचे नाव देऊन त्यातून ‘ब्रेक’ने बाहेर पडण्याची सोय मागणारा ३१३६ क्रमांकाचा पेप फेटाळला गेला, पण तो आजही वाचता येतो. रीत उत्तम असली तरी ती माणसांना झिजवीत नाही असे नव्हे. पेप ५७२ वरील कडवट वादानंतर, तो मंजूर होऊनही, भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये निर्णयाधिकार सोडला आणि पुढे पाच सदस्यांच्या निर्वाचित मंडळाकडे तो गेला. एस्क्यूलाइट या डेटाबेस प्रकल्पाने याहून कठोर मार्ग पत्करला आहे: कोड सार्वजनिक मालकीचा आहे, मात्र बाहेरच्यांचे पॅच सर्वसाधारणपणे स्वीकारले जात नाहीत.

अपेक्षेचा तगादा हेच शस्त्र कसे होऊ शकते, हे एक्सझेड या डेटा-संकोचनाच्या प्रकल्पात दिसून आले. २०२२ मध्ये काही नावांनी, काम संथ चालले आहे, पॅच पडून आहेत, दुसरा मेंटेनर नेमा, असा धोशा लावला. एकट्याने तो प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, आपली मानसिक प्रकृती ठीक नाही आणि हे बिनमोबदल्याचे छंदाचे काम आहे, असे नम्रपणे उत्तर दिले, पण अखेर एका तत्पर साहाय्यकाला अधिकार दिले. त्याच साहाय्यकाने २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. एसएसएच या साधनाने दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा पिच्छा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी हे कारस्थान उघडकीस आणले. तगादा लावणारी ती नावे बनावट असावीत, असा अभ्यासकांचा दाट संशय आहे. परंतु त्यांची भाषा रोज असंख्य मेंटेनरांना ऐकावी लागणाऱ्या खऱ्या वापरकर्त्यांच्या भाषेहून वेगळी वाटली नाही, ही गोष्ट आपणा वापरकर्त्यांना विचारात पाडणारी आहे.

चांगल्या अर्जात उपायापेक्षा अडचणीचे वर्णन अधिक असते: कोणते काम करताना, कोठे, काय अडले. तीच मागणी पूर्वी कोणी केली होती काय, हे पाहण्याचे कष्ट अर्जदाराने घेतलेले असतात, आणि शक्य तेथे पॅच, चाचणी, भाषांतर अथवा द्रव्य यांपैकी काही देऊ केलेले असते. मेंटेनरकडून त्याला मुदतीत आणि सकारण उत्तर मिळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. होकार मिळालाच पाहिजे, ही नाही. नकार मान्य नसलेल्यास फोर्क करण्याचा, म्हणजे कोडची प्रत घेऊन स्वतंत्र प्रकल्प चालवण्याचा, हक्क परवान्यानेच दिलेला आहे. २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने ग्नोम ३ मध्ये डेस्कटॉपचे जुने रूप टाकून दिले, तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा कोड घेऊन मेट हा प्रकल्प सुरू केला. तो आजही डेबियनमध्ये उपलब्ध आहे.