पोलाद कुणी वितळवलं?

गिरणीतलं दातेरी चाक मोडलं म्हणून मला एकदा शेजारच्या ओतकामाच्या कारखान्यात धाडलं. भट्टीत कोक, भंगार बीड आणि चुनखडी थरावर थर रचलेली. तोंड फोडलं की रस धावायचा. तो झेलणाऱ्याच्या पायात फाटकी चप्पल. मी त्याचं नाव विचारलं, तर मुकादमच म्हणाला, "नाव कशाला? काम बघ."

तवापासून ते नाव मी पुस्तकांत शोधतोय.

दोस्तहो, निव्वळ लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. हातभात्याच्या भट्टीला एवढी धग झेपायची नाही. दक्षिणेतल्या कारागिरांनी तोड काढली. लोखंडाचे तुकडे, तरवडाचं लाकूड, रुईची पानं मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपायचं. वीसेक मुशी एकदम रचायच्या आणि भाता मारत राहायचं. लाकूडपाल्यातला कार्बन लोखंडात शिरला की ते कमी धगीवरच वितळायचं. कानडीत ह्याला उक्कु म्हणतात, साहेबानं वूट्झ केलं. आपण म्हणतो पोलाद. तो शब्द फारसी, म्हणजे गिऱ्हाइकाचा! तलवारीला नाव दमास्कसचं. वितळवणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

१७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉटनं मुंबईहून हे पोलाद लंडनला पाठवलं. पुढं मायकेल फॅरडेनं ते तपासलं, १८१९ साली निबंध छापला. हा फॅरडे कोण? लोहाराचा पोरगा. पुस्तकबांधणीची उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला. पोलादाचं मर्म त्याला अ‍ॅल्युमिनात दिसलं. ते चुकीचं ठरलं. पण त्याची चूकसुद्धा त्याच्या नावावर छापली गेली. आमच्या भट्टीवाल्याचं बरोबर होतं, तेही कुणी त्याच्या नावावर लिहिलं नाही.

गरिबी तिकडंही होती. पण लोहाराच्या पोरानं पुस्तक शिवलं म्हणून पुस्तक बाटलं नाही. इकडं ज्याच्या हातात आग त्याच्या हातात अक्षर नाही, आणि अक्षरवाल्यानं मूस कधी शिवली नाही. जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, कामकरी माणसंच एकमेकांपासून तोडली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. मला ते भट्टीसमोर कळलं.

तुमच्या वस्तीतला कुणी भट्टीवर असेल तर त्याच्याजवळ बसा. मूस कशी लिंपतात, कुठला रंग आला की तोंड फोडायचं, सगळं लिहून घ्या. आणि पहिल्या ओळीत त्याचं नाव घाला.