पाव तासाचा निकाल

टॅरोचे पत्ते म्हटले, की भविष्य सांगणारे आठवतात. पण पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे ७८ पत्ते निघाले ते खेळायला. आपल्या मेंढीकोटासारखा हुकूम टाकून हात करायचा. फक्त इथे चित्रांचे २१ पत्ते कायमचे हुकूम.

पॅरिसमध्ये अठराव्या शतकात हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आंत्वान कूर द जेबलँ नावाचे पंडित एका बाईंकडे गेले, तेव्हा तिथे डाव रंगला होता. एक पत्ता पाहताच हे उद्गारले, ही तर प्राचीन इजिप्तची विद्या! डाव थांबला. मंडळी एकेक पत्ता पुढे करू लागली, हे अर्थ सांगत गेले. पाव तासात निकाल! १७८१ साली हा प्रसंग त्यांनीच कौतुकाने छापला. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँनी ती उलगडली १८२२ साली. ऐकण्याचं काम त्या दिवशी खेळणाऱ्यांनीच केलं म्हणायचं.

पुढे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी उलट वाट धरली. एवढा मोठा तर्कशास्त्री, पण पत्ते कसे वाटतात, गुण कसे मोजतात, हे गावोगावचे नियम त्यांनी जमवले. १९८० साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला आणि इजिप्तची कथा मोडीत निघाली. फ्रान्समध्ये टॅरोचे डाव आजही रंगतात.