छिंदवाड्याची नजरकैद आणि लंडनचे मुसलमान

पांढुर्णा जिल्हा २०२३ साली वेगळा झाला. तरी आपल्या भागाचा जुना इतिहास शोधायचा म्हटलं की छिंदवाड्याचंच दप्तर उघडावं लागतं. इंग्रजी अमलात पांढुर्णा हे सौंसर तहसिलीत होतं आणि सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यात. म्हणून मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली यांची छिंदवाड्याची नजरकैद हा आपल्याही जिल्ह्याचा इतिहास आहे. या नजरकैदेतून सुटलेला माणूस दोनच महिन्यांत विलायतेच्या बोटीवर चढला आणि इंग्रज पंतप्रधानासमोर जाऊन बसला. तिकडे तो ज्या मूठभर मुसलमानांना भेटला, त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी लिहीत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी इकडचं थोडक्यात. मोहम्मद अली 'कॉम्रेड' नावाचं इंग्रजी साप्ताहिक काढत. सप्टेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या बाजूने लिहिलेल्या लेखामुळे त्याचा जामीन जप्त झाला आणि पत्र बंद पडलं. मे १९१५ मध्ये दोघा भावांना दिल्लीजवळ मेहरौलीला स्थानबद्ध केलं, तिथून लॅन्सडाऊनला, आणि वर्ष संपायच्या आत छिंदवाड्याला. सातपुड्यावरचं लहानसं गाव, मुसलमान वस्ती थोडी, दिल्ली आणि रामपूर दूर. युरोपशी आणि तुर्कस्तानशी यांचा संबंध तोडायचा तर यापेक्षा सोयीची जागा सरकारला कुठे मिळणार होती?

त्यांची आई, बी अम्मा, छिंदवाड्यात त्यांच्यासोबत होती. १९१७ मध्ये सरकारने सुटकेसाठी एक हमीपत्र पुढे केलं. भावांनी 'इस्लामवरील आमच्या निष्ठेला बाधा न येता' अशा अर्थाची पुस्ती जोडली आणि सुटका अडली. त्याच वर्षी मुस्लिम लीगच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून मोहम्मद अलींची निवड झाली, खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवली गेली आणि बी अम्मा बोलल्या. लोकमान्य टिळकांनीही त्या वर्षी कलकत्त्यात अली बंधूंच्या सुटकेसाठी भाषण केलं. अली बंधूंचं वकीलपत्र छिंदवाड्याच्या घाटे वकिलांकडे होतं. गांधीजींच्या १९१९ च्या पत्रव्यवहारात ओ. एस. घाटे हे नाव येतं ते याच कामासाठी. आपल्या मराठी माणसाचा एवढा धागा तरी विसरू नये. जून १९१९ मध्ये दोघांना बैतूलच्या तुरुंगात हलवलं. डिसेंबरअखेर सुटका झाली आणि ते तडक अमृतसर काँग्रेसला गेले.

आता विलायत. १ फेब्रुवारी १९२० ला खिलाफत शिष्टमंडळ मुंबईहून निघालं. मोहम्मद अली प्रमुख, सोबत अलाहाबादच्या 'इंडिपेंडंट'चे संपादक सय्यद हुसेन आणि शिबली नोमानींचे शिष्य मौलाना सय्यद सुलेमान नदवी. मागणी अशी की खलिफाची सत्ता राहावी, अरबस्तानातली पवित्र स्थळं त्याच्या ताब्यात असावीत, आणि थ्रेस व स्मर्ना हे प्रदेश तुर्कांकडून काढू नयेत. मार्चमध्ये लॉईड जॉर्ज भेटले. ऐकून घेतलं आणि सांगितलं की जर्मनी-ऑस्ट्रियाला जो न्याय लावला तोच तुर्कांना लागेल. ऑगस्टमध्ये सेव्हरचा तह झाला, पूर्व थ्रेस ग्रीसला देण्याचं ठरलं. सरकारी बाजूने पाहिलं तर शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परतलं.

पण सरकारदरबाराखेरीज त्यांचा आणखी एक श्रोता होता: इंग्लंडमधले मुसलमान. लंडनजवळ वोकिंगला १८८९ मध्ये बांधलेली मशीद होती. तिचा मुख्य खर्च उचलला भोपाळच्या नवाब शाहजहान बेगमांनी, म्हणून ती शाहजहान मशीद. म्हणजे इंग्लंडमधल्या मुसलमानांचं पहिलं मोठं ठिकाण उभं राहिलं ते आजच्या मध्य प्रदेशातल्या पैशावर! पुढे कित्येक वर्षं तिथं फारशी जाग नव्हती. १९१३ मध्ये लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी तिथं काम सुरू केलं आणि इंग्रज नवमुस्लिमांचा एक घोळका जमला. त्यात लॉर्ड हेडली होते आणि १९१७ पासून उघडपणे कादंबरीकार मार्माड्यूक पिक्थॉल. १९१९ मध्ये ख्वाजासाहेब नसताना पिक्थॉलनेच लंडनमध्ये इमामाचं काम सांभाळलं. त्याच सुमाराला 'इस्लामिक इन्फर्मेशन ब्युरो' निघाला आणि 'मुस्लिम आउटलुक' हे साप्ताहिक. शिष्टमंडळाला लंडनमध्ये हक्काचं व्यासपीठ मिळालं ते या मंडळींकडे.

या लोकांची अडचण समजून घ्यायला हवी. ते राजाचे प्रजाजन, काही तर खानदानी इंग्रज, आणि त्यांचा देश तुर्कस्तानशी लढलेला. तुर्कांबद्दल आपुलकीने बोलणारा माणूस राजनिष्ठ कसा, हा संशय पिक्थॉलच्या वाट्याला युद्धकाळातच आला होता. मध्यपूर्वेची भाषा आणि माणसं इतकी जाणणारा तो, पण सरकारने त्याचा उपयोग करून घेतला नाही. छिंदवाड्याच्या हमीपत्रात जो प्रश्न होता तोच हा, फक्त तिथं तो गोऱ्या माणसाला विचारला जात होता.

माझ्या मते शिष्टमंडळाचं म्हणणं एका जागी लंगडं होतं. १९१६ मध्ये अरबांनीच तुर्कांविरुद्ध बंड केलं होतं. त्यांना काय हवंय याचा विचार न करता अरबस्तान खलिफाच्या सत्तेखाली राहावा म्हणणं पटवून देणं कठीणच. पण थ्रेसची गोष्ट वेगळी. तिथं प्रश्न एका साम्राज्याचा नव्हता, युरोपात राहणाऱ्या मुसलमान शेतकऱ्यांचा होता. १९२३ च्या लोझानच्या तहाने पूर्व थ्रेस तुर्कस्तानला परत मिळालं. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली, तेव्हा पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांना तीतून वगळून अल्पसंख्याक म्हणून संरक्षण दिलं गेलं. ते लोक आजही ग्रीसमध्ये आहेत. अर्थात हे शिष्टमंडळामुळे झालं असं म्हणणं चूक ठरेल, ते केमाल पाशाच्या फौजेने घडवलं. आणि ३ मार्च १९२४ ला त्याच तुर्कांनी खिलाफत मोडीत काढली!

मोहम्मद अली ऑक्टोबर १९२० मध्ये परतले. त्याच वर्षी पिक्थॉलही मुंबईला आला, उमर सोबानी यांच्या बोलावण्यावरून 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक म्हणून. हॉर्निमनला सरकारने हद्दपार केल्यामुळे त्या पत्राला जाणत्या संपादकाची गरज होती. १९२४ पर्यंत त्याने ते चालवलं, नंतर निजामाच्या हैदराबादेत गेला आणि १९३० मध्ये त्याचं कुराणाचं इंग्रजी भाषांतर आलं. इकडचे लोक विलायतेच्या मुसलमानांना साद घालायला गेले आणि तिकडचा एक माणूस इकडेच येऊन राहिला. सरकारी तहापेक्षा मला हा व्यवहार जास्त टिकाऊ वाटतो.

इंग्रज सरकारला आपल्या घरच्या मुसलमानांची आठवण झाली ती दुसऱ्या महायुद्धात. ऑक्टोबर १९४० मध्ये चर्चिलच्या मंत्रिमंडळाने लंडनमधल्या मशिदीच्या जागेसाठी एक लाख पौंड मंजूर केले. मोहम्मद अली तोवर राहिले नव्हते. गोलमेज परिषदेसाठी गेले असताना ४ जानेवारी १९३१ ला लंडनमध्येच त्यांचं निधन झालं आणि दफन जेरुसलेमला.

नागपूर काँग्रेस संपल्यावर ६ जानेवारी १९२१ ला गांधीजी अली बंधूंसह छिंदवाड्यात आले. सभा झाली ती चिटणवीस गंजात, जो आता गांधी गंज म्हणून ओळखला जातो. नागपूरहून छिंदवाड्याचा रस्ता सौंसर-रामाकोन्यावरूनच जातो. तेव्हा मंडळी, या पट्ट्यात कोणाच्या घरी खिलाफत फंडाची पावती, त्या सभेचं पत्रक किंवा घाटे वकिलांच्या हातचा एखादा कागद असेल, तर मंडळाकडे जरूर आणा. फोटो काढून मूळ कागद लगेच परत देऊ.