खासगी रूपक आणि आईची साक्ष : लिओ कॅनर यांच्या लेखनातील एक विसंगती

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. स्वमग्नतेचा स्वतंत्र विचार येथून रूढ झाला. या मुलांपैकी ८ बोलत होती, ३ मूक होती. बोलणारी मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारीत. स्वतःला 'तू' म्हणत. कॅनर यांनी या उलटापालटीचा उगम अनुकरणात शोधला : मूल मोठ्यांचे वाक्य उचलते, तेव्हा त्यातील पुरुषही तसाच उचलला जातो. मराठीत क्रियापदच पुरुष दर्शवीत असल्यामुळे सर्वनाम गाळले तरी अशी उचल लपणार नाही; 'जेवतोस का?' हा आईचा प्रश्नच मुलाची मागणी ठरू शकेल.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने कॅनर यांचा १९४६ सालचा निबंध अधिक महत्त्वाचा आहे. त्याचा विषयच या मुलांची 'असंबद्ध आणि रूपकात्मक' भाषा हा होता. एका मुलाची आई बालगीत म्हणत असता तिच्या हातून पातेले पडले. पुढे पातेल्यासारखी कोणतीही वस्तू दिसली की ते मूल त्या गीतातील शब्द उच्चारी. परक्याला निरर्थक वाटणारे हे शब्द त्या प्रसंगाच्या साक्षीदाराला सार्थ होते. अर्थांतराची ही प्रक्रिया काव्यातील रूपकाहून तत्त्वतः वेगळी नाही, असे कॅनर यांनी प्रतिपादिले. भेद एवढाच, की कवीचे रूपक समाजाच्या सामायिक स्मृतीवर उभे असते, तर येथे संदर्भ घरापुरता मर्यादित राहतो. म्हणजे या भाषेचा कोश कुटुंबाच्या आठवणीत होता आणि तो उघडण्यासाठी आईची साक्ष अपरिहार्य होती.

मात्र हीच साक्षीदार लवकरच आरोपी ठरली. पालकांच्या अलिप्तपणाची नोंद १९४३ च्या निबंधातही होती. तरी तेथे दोष जन्मजात मानला होता. १९४९ साली कॅनर यांनी ही मुले जणू शीतकपाटात ठेवली गेल्याचे रूपक योजिले. मुलांच्या रूपकांचा उगम चिकित्सेने शोधणाऱ्या संशोधकाचे हे स्वतःचे रूपक पुढे निदानाप्रमाणे वापरले गेले. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने ते लोकप्रिय केले. छिन्नमनस्कतेच्या संदर्भात ग्रेगरी बेटसन व सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेला 'दुहेरी पेचा'चा सिद्धान्तही कुटुंबातील संवादाकडेच बोट दाखवीत होता.

प्रतिवाद प्रथम एका पालकाकडून आला. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली या स्थितीची कारणे जैविक असल्याचे मांडले. १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केले. १९७७ साली सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांच्या जुळ्यांवरील अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावा दिला. १९८१ साली बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन यांनी प्रतिध्वनीवजा उच्चारांत पाळी राखणे, होकार, विनंती अशी कार्ये दाखविली.

या इतिहासात पुरावा फारसा बदलला नव्हता. बदलले ते वाचन. मुलाच्या वाक्यात आईचे शब्द आढळतात, ही एकच गोष्ट १९४६ साली अर्थाची किल्ली होती आणि नंतर दोषाची खूण ठरली. उक्तीचा उगम सांगणे आणि तिचे कारण ठरविणे या दोन क्रियांमधील सीमा पुसली गेली, आणि त्याची किंमत एका पिढीच्या मातांनी मोजली.