काळ्या रशांतील शेवया

गेल्या वैशाखांत आमच्या पंचवटींतील घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या सूनबाईनें मुंबईहून एक बाटली आणविली होती. तींत काळाकुळकुळीत, दाट आणि खारट वासाचा लगदा होता. तिनें तो तेलांत मंद विस्तवावर परतला, कांदा, कोबी व गाजर बारीक चिरून त्यांत घातलें, थोडें पाणी घालून रस दाट केला आणि उकडलेल्या लांब शेवयांवर ओतून सर्वांना वाढला. आमच्या मावशींचें वय ऐंशींच्या पुढें आहे. त्यांनीं एक घांस घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सूनबाई, मसाला करपूं दिलास, पण बेतानें करपूं दिलास हो!”

“मसाला नाहीं, मावशी. सोयाबीन आहे तें. आंबवून काळें केलेलें.”

“आंबवून काळें? म्हणजे नासवूनच कीं!”

सर्व हंसले, परंतु माझ्या मनांत तें बोलणें घोळत राहिलें. शेवई आपल्या घरांत शतकानुशतकें आहे. काळा रस्साही आहे. मग ज्या दाण्यापासून चीनमधील गृहिणी आपला काळा रस करते, तो दाणा आपल्या शेतांत येऊनही आपल्या चुलीवर कां चढला नाहीं?

प्रथम शेवईकडे पाहूं. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें रचलेल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथांत ‘सेविका’ नांवाचा पदार्थ येतो. गव्हाच्या पिठाच्या अगदीं बारीक वळ्या करून वाळवाव्या, दुधांत शिजवाव्या आणि तूप-साखर घालून खाव्या, असें त्याचें वर्णन आहे. ही आपली शेवयांची खीरच झाली. ज्यांनीं नाशिककडील उन्हाळा पाहिला आहे त्यांना पुढचें सांगावयास नको. कठीण गव्हाचा रवा-पीठ भिजवून घटकाभर तिंबावयाचें, शेजारच्या चार बायका जमवून पाटावर हातानें शेवई ओढावयाची, आणि काठीवर टाकून गच्चीवरच्या उन्हांत खडखडीत वाळवावयाची. हें वाळवणच आपल्या शेवईचें भाग्य ठरवितें. ती वर्षभर डब्यांत राहते, ऐन वेळीं तुपावर भाजली जाते, आणि बहुधा गोडाकडेच वळते.

चीनमध्यें शेवई वेगळ्या वाटेनें गेली. पीत नदीच्या वरच्या खोऱ्यांत लाजिया नांवाचें एक स्थळ आहे. तेथें सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं भूकंप व पूर यांखालीं गाडल्या गेलेल्या वस्तींत मातीचें एक पालथें पडलेलें भांडें सांपडलें आणि त्याखालीं पिवळसर लांब शेवया निघाल्या. 2005 सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. त्या गव्हाच्या नसून राळा व त्याच्याच जातीचें दुसरें एक बारीक तृणधान्य यांच्या होत्या, असें संशोधकांनीं म्हटलें. राळ्याच्या पिठाला चिकटपणा नाहीं, मग इतकी लांब तार निघेल कशी, अशी शंका इतरांनीं काढली. भाकरी थापणाऱ्या कोणत्याही बाईनें तीच शंका काढली असती! तो वाद पंडितांवर सोपवूं. गव्हाच्या शेवईची स्पष्ट कृति सहाव्या शतकांतील जिया सिश्ये याच्या शेतकीवरील ग्रंथांत मिळते. पीठ पाण्यांत धरून पातळ ओढावयाचें आणि लगेच उकळत्या भांड्यांत सोडावयाचें, अशी ती आहे. येथें वाळवण नाहीं, दूध नाहीं. ताजी शेवई खाऱ्या-तिखट जेवणांत सरळ उतरते.

याच ग्रंथांत सोयाबीन आंबविण्याचीही कृति दिली आहे. पण ती विद्या त्याहून पुष्कळ जुनी. 1972 सालीं हूनान प्रांतांतील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथें एका सरदार घराण्यांतील स्त्रीची कबर उघडण्यांत आली. ती इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील होती. मृत स्त्रीबरोबर ठेवलेल्या खाद्यपदार्थांत आंबविलेलें काळें सोयाबीन होतें. परलोकीं जातांना जें बरोबर द्यावयाचें, तें नासलेलें अन्न खास नव्हे.

या काळेपणाचें मूळ समजून घेतलें पाहिजे. दाणे कधीं जातीनेंच काळे असतात, तर पुष्कळदां पिवळे. ते भिजवून वाफवितात आणि पसरून ठेवितात. कांहीं दिवसांत त्यांवर एका विशिष्ट जातीची बुरशी धरते. मग ती धुवून काढून, दाण्यांस मीठ लावून, ते बरणीत महिनेच्या महिने मुरूं देतात. दाण्यांतील कठीण प्रथिनें या अवधींत फुटून मऊ व रुचकर होतात आणि रंग गडद होत जातो. सोयाबीन कच्चें पचत नाहीं, नुसतें उकडलें तरी उग्र लागतें व पोटांत वायु धरतें. प्राचीन चीनमध्येंही उकडलेलें सोयाबीन हें गरिबाचें जाडेंभरडें अन्नच मानीत. त्याच दाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बुरशीनें, मिठानें आणि धीरानें.

पेकिंगकडील घरांत आंबविलेल्या सोयाबीनचा लगदा तेल सुटेपर्यंत परतून, त्यांत बारीक मांस घालून शेवयांवर वाढण्याची चाल आहे. 1883 सालीं कोरियाचें इंचॉन बंदर परकीय व्यापारास खुलें झालें, तेव्हां शांतुंग प्रांतांतील चिनी लोक तेथें गेले व आपली ही शेवई बरोबर घेऊन गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या लगद्यांत जळविलेल्या साखरेचा पाक मिसळूं लागला आणि तो आणखी काळा व गोडसर झाला. सूनबाईच्या बाटलींतील ऐवज याच घराण्यांतला.

आतां “तेल सुटेपर्यंत” हे शब्द ऐकून आपल्या गृहिणींचे कान टवकारले असतील. नाशिक-खानदेशकडील शेवभाजीचा रस्सा आठवावा. सुकें खोबरें आणि कांदा निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजावयाचे, धने, मिरी, लवंग, दगडफूल यांच्याबरोबर वाटावयाचे, तें वाटण तेल सुटेपर्यंत परतून रस्सा उकळावयाचा, आणि पानावर बसतांना त्यांत बेसनाची जाड शेव सोडावयाची. लांबट तंतु आणि वर काळा दाट रस! मावशींची जीभ चुकली म्हणावें, तर ती अगदीं शेजारच्या घरांत चुकली. भेद एवढाच कीं, चिनी काळेपणा महिन्यांच्या मुरण्यानें येतो आणि आपला घटकेच्या भाजण्यानें. आपण उन्हाचे व निखाऱ्याचे लोक. जें टिकवावयाचें तें वाळवितों, जें रुचकर करावयाचें तें भाजतों. आंबविणें आपल्याला ठाऊक नाहीं असें नव्हे. कुरडईसाठीं गहूं तीन दिवस पाण्यांत कुजवून त्याचा चीक काढणारी बाई आंबण्याला भीत नाहीं. परंतु तें आंबणें दिवसांचें. महिन्यांचें नव्हे, आणि बुरशीचें तर नव्हेच नव्हे.

या पार्श्वभूमीवर सोयाबीन महाराष्ट्रीयांच्या हातीं कसें आलें तें पाहण्यासारखें आहे, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या जिल्ह्यांतून निघतो. मालेगांव तालुक्यांतील कवळाणें गांवीं 1863 सालीं जन्मलेला गोपाळ नांवाचा मुलगा 1875 सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांत बडोदें संस्थाननें सोयाबीनचा पुरस्कार चालविला. संस्थानचे अन्न-पाहणी अधिकारी काळे यांचा सोयाबीनवरील मोठा इंग्रजी ग्रंथ 1936 सालीं बडोद्यास छापला गेला. त्यांत लागवड आणि आहारमूल्य यांबरोबर पाककृतिही होत्या. त्याच सुमारास, 1935 सालीं, गांधीजींनीं वर्ध्याच्या मगनवाडींत सोयाबीनचे प्रयोग केले व ‘हरिजन’मध्यें त्यांविषयीं लिहिलें. गरिबाला स्वस्तांत पौष्टिक अन्न मिळावें हा हेतु. आणि ज्या दाण्यांत शेंकडा चाळीसच्या आसपास प्रथिनें व वीसच्या आसपास तेल, त्याच्याकडे लक्ष जाणें स्वाभाविकच होतें.

तरी सोयाबीन घरांत रुजलें नाहीं. 1946 सालीं सरकारी आहारतज्ज्ञांच्या समितीनेंही आपल्या नेहमींच्या डाळींपेक्षां तें सरस ठरतें असा निर्वाळा दिला नाहीं. माझ्या मतें त्या प्रयत्नांतली उणीव वेगळीच होती. दाणा आला, पृथक्करणाचे आंकडे आले. पण त्याला खाण्याजोगा करणारी कला त्याच्याबरोबर आली नाहीं. आपण त्याला डाळ समजलों. वरण करूं पाहिलें, पिठांत मिसळलें. तुरीच्या शेजारीं बसविल्यावर तो हरणारच.

आणि ही कला भारतांत मुळींच नव्हती असेंही म्हणतां येत नाहीं. नागालँडांत अखुनी, मणिपुरांत हवाइजार, सिक्कीमकडे किनेमा या नांवांनीं आंबविलेलें सोयाबीन घरोघर खातात. ती आंबवणी थोड्या दिवसांची आणि तेथील पद्धतीची, पण तिचा उग्र वास त्या लोकांना आपल्याला हिंगाचा वाटतो तितकाच घरचा वाटतो. बडोदें आणि वर्धा यांना चीन-जपानकडे पाहतांना हे शेजारी दिसले नाहींत, याचें मला नवल वाटतें.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सोयाबीननें महाराष्ट्रांत जो शिरकाव केला तो शेतांतून, स्वयंपाकघरांतून नव्हे. विदर्भ-मराठवाड्यांत तें मुख्य खरीप पीक झालें. आपल्या जिल्ह्यांतही निफाड, येवलें, सिन्नरकडे तें पेरलें जातें, आणि कांद्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या लासलगांवच्या बाजारांत त्याचे लिलाव होतात. तेथून दाणा गिरणींत जातो. तेल आपल्या कढईंत येतें, पेंड कोंबड्यांना जाते. आणि त्याच जातीचा दाणा काळा होऊन, बाटलींत बसून, दूरदेशाहून परत नाशकास येतो.

गेल्या पावसाळ्यांत सूनबाईनें निफाडचे किलोभर दाणे आणून, भिजवून, वाफवून टोपलींत पसरून ठेविले. चौथ्या दिवशीं त्यांवर हिरवट-करडी बुरशी आली. चिनी कृतींतही बुरशी येतेच. पण कोणती ठेवावयाची आणि कोणती फेकावयाची, हें सांगणारें घरांत कोणी नव्हतें. मावशींनीं टोपली हुंगली, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, “हें मात्र खरोखरच नासलें.” या वेळीं आम्हीं त्यांचें ऐकलें, आणि सूनबाईनें पुन्हां मुंबईस बाटलीसाठीं लिहिलें.