पंख आणि धड यांचा सांधा : विमानविद्येच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

विमानविद्येचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः पंखांच्या आकाराकडे व इंजिनाच्या शक्तीकडे जाते. पंख धडाला कसा जोडला, हा प्रश्न कारागिराचा म्हणून बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात या सांध्याचा विचार केला असून त्यासाठी लहान प्रतिकृतींचा आधार घेतला आहे. कारण हे ज्ञान प्रथम प्रतिकृतींवरच हाती आले.

जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये केलेल्या ग्लायडरच्या प्रतिकृतीत १५४ चौरस इंचांचा साधा कागदी पतंग हाच पंख होता. तो लाकडी दांड्याला मागील टोकाशी बांधून पुढील बाजूस एका खुंटीवर उचलला होता, जेणेकरून दांड्याशी त्याचा ६ अंशांचा कोन व्हावा. पंखाचा कोन हवेत नव्हे, सांध्यातच ठरतो, हे त्या खुंटीवरून दिसते. पुढे अल्फाँस पेनो यांची रबराच्या पिळावर चालणारी प्रतिकृती १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी उद्यानात ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडाली. तिचे स्थैर्य पंख व शेपटी यांच्या कोनांतील फरकावर अवलंबून होते.

या दोन्ही प्रयोगांची मापे नोंदलेली असल्याने त्या प्रतिकृती आजही पुन्हा करून पाहता येतात. शिवकर बापूजी तळपदे यांच्या ‘मरुत्सखा’विषयी मराठीत शतकभर चालत आलेला वाद मात्र १८९५ मध्ये ते चौपाटीवर उडाले की नाही, एवढ्याभोवतीच फिरत राहिला. पंख कशाला व कोणत्या कोनात जोडले होते, हे कोणी विचारत नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची गोष्ट वेगळी. त्यातील विमानांच्या आकृत्या उपलब्ध होत्या, म्हणूनच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांना १९७४ मध्ये त्यांची तपासणी करून ती विमाने उडण्यास अक्षम असल्याचा निष्कर्ष काढता आला. अभिमानाच्या विषयातही आराखडा मागणे हे इतिहासकाराचे कर्तव्यच होय.

कोन साधला तरी काम संपत नाही. प्रतिकृती करणारा धडावर पॉलिश पेपर गुंडाळून त्यावर पंखाचे मूळ घासतो, म्हणजे धडाची गोलाई पंखात उतरते व मध्ये फट राहत नाही. पंखांच्या दोन्ही टोकांपासून शेपटीपर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजून तो पंख काटकोनात बसवितो. ही सफाई केवळ दिसण्यापुरती नसते. धडाच्या खालच्या भागाला जोडलेल्या पंखाच्या वरच्या बाजूस धडाची गोलाई व पंख यांत अरुंद कोपरा तयार होतो. त्यात दोन्ही पृष्ठभागांवरील मंदावलेली हवा एकत्र येते, पृष्ठभाग सोडते व भोवऱ्यांच्या रूपाने शेपटीवर आदळते; विमान थरथरते. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप अल्फा (१९३०) या विमानाच्या संदर्भात थिओडोर फॉन कारमान व त्यांचे सहकारी यांनी वातबोगद्यात प्रतिकृतींवर प्रयोग करून हा कोपरा वक्राकार भरून काढण्याचा उपाय पुढे आणला. १९३३ च्या डीसी-१ विमानातही तो योजिला गेला. फ्रेंच भाषेत या भरावाला आजही ‘कारमान’ म्हणतात.

कोल्हापुरात उजळाईवाडीच्या विमानतळाचे उद्घाटन १९३९ मध्ये झाले, तोवर हा भराव नव्या विमानांत रूढ होत आला होता. त्याचे इंग्रजी नाव ‘फिलेट’. कोल्हापूरच्या फौंड्री व्यवसायास हा शब्द नवा नाही. ओतकामाच्या लाकडी पॅटर्नचा आतला कोपरा धारदार ठेवला तर साच्यातील वाळू ढासळते, आणि धातू असमान थंड होऊन तेथेच तडा जातो. म्हणून पॅटर्नमेकर कोपऱ्यात मेणाची वळी ठेवतो आणि गोल टोकाचे हत्यार किंचित गरम करून, एका दमात, टोकापासून टोकापर्यंत ती दाबत नेतो.