काकी आणि तिची चिमणी

आमच्या स्टॉकहोमच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात, पांढऱ्या टाइल्सची एक भट्टी आहे. पार छताला टेकायला आलेली. स्वीडिशमध्ये तिला 'काकेलुंग्न' म्हणतात. आम्ही काकी म्हणतो. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा काकीकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "एवढा मोठा बंब! पाणी कुठून भरतात गं?"

२०२२ मध्ये विजेचे दर भडकले तेव्हा मी काकी पेटवायचं ठरवलं. पितळी दार उघडलं, तर आत कागद चिकटवलेला: पेटवण्यास मनाई. का, ते शोधता शोधता मी अडीचशे वर्षं मागे जाऊन पोचले.

अठराव्या शतकात स्वीडनला लाकडाची चणचण भासत होती. लोखंडाच्या कारखान्यांना लाकडी कोळसा लागे, शिवाय घरोघरी शेकायला ओंडके लागत. त्यातली बरीचशी ऊब धुराबरोबर सरळ चिमणीतून निघून जायची. म्हणून १७६७ साली राज्यकर्त्यांनी कार्ल योहान क्रोनस्टेट हा वास्तुविशारद आणि फाबियान व्रेडे हा सेनाधिकारी, या दोघांना कमी लाकडात घर ऊबदार ठेवणारी भट्टी शोधायला सांगितलं. त्यांनी त्याच वर्षी आपली नवी रचना छापून प्रसिद्ध केली.

गंमत म्हणजे आईचा बंब फारसा चुकीचा नव्हता. बंबात मधल्या नळीतून धूर वर जातो आणि भोवतीचं पाणी तापतं. काकीत पाण्याच्या जागी विटा आहेत, आणि धुराला सरळ जाऊच देत नाहीत. तो मधून वर चढतो, दोन बाजूंनी खाली उतरतो, पुन्हा मागच्या दोन वाटांनी वर जातो आणि मग चिमणीला मिळतो. तासा-दीड तासाचा जोरदार जाळ, मग आग विझून गेली तरी विटा कितीतरी तास ऊब देत राहतात.

पण खरी मेख चिमणीत आहे, बरं का. धूर फिरवून फिरवून फार थंड केला तर तो वर चढेनासा होतो. त्यातली वाफ पाणी होऊन चिमणीच्या भिंतींना काजळी नि डांबर धरतं, आणि ते कधी पेटलं तर घराला धोका. फार गरम सोडला तर लाकूड वाया. त्यातून विटा थंडगार असताना पहिला धूर खोलीतच परत येतो, म्हणून आधी थोडे कागद जाळून चिमणी तापवून घ्यायची.

आणखी एक गोष्ट म्हणजे वरची झडप. जाळ संपला की दोरी ओढून ती बंद करायची, नाहीतर साठवलेली ऊब चिमणीवाटे पळते. निखारे धगधगत असताना घाई केली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात. त्याला ना वास, ना रंग. झोपेत माणसं गेलेली आहेत. दोन काड्या वाचवायच्या नादात! (आई हे ऐकून म्हणाली, "मग आपली चूलच बरी, डोळ्यांत धूर जातो पण कळतं तरी.")

शेवटी चिमणी साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने छतावरून दिवा सोडला, आत आरसा धरून पाहिलं आणि हसला. विसाव्या शतकात इमारतीत पाण्याचे रेडिएटर आले, तेव्हा अशा कित्येक चिमण्या रिकाम्या पडल्या. आमची हवा खेळती ठेवण्यासाठी वापरायला घेतली. काकी ठणठणीत आहे, पण तिचा धूर आता शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात निघेल!

ती वाट पुन्हा मोकळी करून आतून नळी घालता येते, पण ते सोसायटीने ठरवायचं. अर्ज दिलाय. तोपर्यंत पितळी दाराच्या आत लेकीने बाहुल्यांचं घर मांडलंय, आणि आई रोज संध्याकाळी त्या गार टाइल्सना पाठ टेकून बसते.